घरांतून निघालेली मंडळी

मुंबईत अपोलो बंदरापासून थोड्याच अंतरावर बोवेन मेमोरियल मेथॉडिस्ट चर्च आहे. गेटवे आणि ताजमहाल हॉटेल बघायला आलेल्या गर्दीचं त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ज्या माणसाचं नाव या चर्चला दिलं, त्याच्याविषयी मी पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी घरात ऐकलं होतं. माझे आजोबा मेथॉडिस्ट मंडळीचे पाळक. त्यांचे आजोबा मुंबईत एका छापखान्यात खिळे जुळवायचे. संध्याकाळी काम सुटलं की घरी जाताना ते वाटेत थांबत, कारण एक किडकिडीत गोरा माणूस साध्या, झिजलेल्या कपड्यांत रस्त्याच्या कडेला उभा राहून मराठीत बोलत असे. लोक वाद घालत, कुणी टर उडवत, कुणी अंगावर धूळही फेकत. तो रागावत नसे. प्रश्न विचारला की उत्तर देई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच उभा असे. आमच्या घरात त्याचं नाव ‘बोवेनसाहेब’.

जॉर्ज बोवेन यांचा जन्म १८१६ सालचा, अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या मिडलबरीचा. घर व्यापाऱ्याचं आणि सुखवस्तू. त्यांना अनेक भाषा येत, संगीताची आवड होती, आणि तरुणपणी ते देवाधर्मावर काडीचाही विश्वास नसलेले होते. ज्या मुलीशी लग्न ठरलं होतं ती १८४४ साली आजारपणात गेली. जाताना तिने आपलं बायबल त्यांच्यासाठी ठेवलं. ते त्यांनी तिच्या शब्दाखातर वाचायला घेतलं आणि त्याच वर्षी ते पार बदलून गेले. जानेवारी १८४८ मध्ये ते अमेरिकन मिशनचे मिशनरी म्हणून मुंबईत उतरले, आणि साधारण वर्षभरात त्यांनी मिशनचा पगार घेणं थांबवलं. देशी वस्तीत एक लहान खोली घेतली, शिकवण्या करून पोटापुरतं मिळवलं, आणि उरलेला वेळ रस्त्यावर. बंगल्यात राहून गरिबाला ख्रिस्त सांगायचा, हे त्यांना पटत नव्हतं. पुढे ‘बॉम्बे गार्डियन’ हे साप्ताहिक त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं. सुट्टीसाठी किंवा आजारपणासाठीही ते मायदेशी परतले नाहीत. चाळीस वर्षं मुंबईत काढून ५ फेब्रुवारी १८८८ रोजी ते इथेच वारले.

एवढं करून त्यांच्या शब्दाने ख्रिस्ती झालेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावी इतकीही निघाली नाहीत, ही खंत त्यांना होती असं त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. आजोबांना ही गोष्ट ठाऊक होती आणि ते ती नेहमी एका पुस्तीसह सांगत. त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो बोवेनसाहेब गेल्यानंतर, आणि घेताना पाळकांना सांगितलं की मी हे वीस वर्षांपूर्वी रस्त्यावर ऐकलं होतं. बोवेन यांच्या हयातीतल्या कुठल्याही हिशेबात हा माणूस नाही. आमचं सगळं घराणं त्या हिशेबाबाहेरचं आहे.

बोवेन मूळचे मेथॉडिस्ट नव्हते. ते त्या मंडळीत आले विल्यम टेलर यांच्यामुळे. टेलर हा अगदी वेगळ्या घडणीचा माणूस. १८२१ साली व्हर्जिनियात जन्मलेले, उंचेपुरे, दाढीवाले, खड्या आवाजाचे. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि जगभरची माणसं सॅन फ्रान्सिस्कोत लोटली, तेव्हा १८४९ पासून हे तिथल्या चौकात, जुगाराच्या अड्ड्यांसमोर उभे राहून गाणं म्हणत, गर्दी जमली की प्रवचन करत. पुढे ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका गाजवून नोव्हेंबर १८७० मध्ये ते हिंदुस्थानात आले. मेथॉडिस्ट मिशनचं काम तेव्हा उत्तरेत होतं; विल्यम बटलर यांनी १८५६ मध्ये बरेलीला ते सुरू केलं होतं. टेलर आधी लखनौकडे गेले आणि वर्षभराने मुंबईत परतले.

पुढच्या चार महिन्यांत जे घडलं ते मला आमच्या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. टेलर यांच्या सभांना येणारी माणसं रेल्वेतली, तारखात्यातली, सरकारी कचेऱ्यांतली. त्यांतले बरेच युरोपीय आणि अँग्लो-इंडियन. रविवारी चर्चला जावं आणि बाकी आठवडा आपापला, अशी त्यांची रीत होती. सभांमध्ये ज्यांची मनं हलली त्यांना टेलर यांनी लहान लहान गटांत बांधलं, आणि हे गट भरत ते सभासदांच्या घरी. कुणाच्या दिवाणखान्यात, कुणाच्या व्हरांड्यात. तिथे प्रत्येकाने आठवडा कसा गेला ते सांगायचं, चुकलं असेल ते कबूल करायचं, एकमेकांसाठी प्रार्थना करायची. फेब्रुवारी १८७२ मध्ये या माणसांनीच टेलर यांना पत्र लिहून विनंती केली की आमची मेथॉडिस्ट मंडळी स्थापन करा. कुठल्याही मिशन बोर्डाने न्यूयॉर्कमध्ये बसून ठरवलेलं हे काम नव्हतं. मुंबईतल्या माणसांनी आपल्या घरांत बसून ते ठरवलं. टेलर यांनी होकार दिला आणि सोबत अटी घातल्या: मंडळीने आपला खर्च आपण चालवायचा, अमेरिकेतून मिशनचा पैसा घ्यायचा नाही, आणि भाषेचा वा रंगाचा भेद करायचा नाही. चर्चची इमारत नव्हती, फंड नव्हता. बोवेन या मंडळीत आले आणि शेवटपर्यंत तिचे वडीलधारे राहिले.

घरांतल्या गटांची ही पद्धत टेलर यांनी शोधलेली नाही. ती थेट जॉन वेस्ली यांच्यापासूनची. ब्रिस्टलमध्ये १७४२ साली सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज फेडायचं होतं. एका जुन्या दर्यावर्दी कप्तानाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा जणांमागे एक पुढारी नेमावा, त्याने घरोघर फिरून ती गोळा करावी, आणि ज्याला जमणार नाही त्याची पेनी पुढाऱ्याने स्वतः भरावी. पेनी गोळा करायला गेलेल्या पुढाऱ्यांना घरांच्या आतली दुःखं, दारू, भांडणं दिसली, आणि वेस्लींनी ओळखलं की कर्जापेक्षा फार मोठं काहीतरी हाती लागलंय. माझ्या आजीला ब्रिस्टल कुठे आहे हे माहीत नव्हतं. पण भात टाकताना मूठभर तांदूळ ती न चुकता वेगळ्या डब्यात टाकी आणि शनिवारी तो डबा घेऊन मंडळीतल्या घरांतून हिंडे. ज्या घरची मूठ आली नाही त्या घरी ती जास्त वेळ बसे.

टेलर यांची तिसरी अट मात्र कागदावरच जास्त राहिली, हे सांगायला हवं. इंग्रजी बोलणारी मंडळी स्वतःच्या पैशांवर उभी राहिली, वाढली, पुण्याला गेली, कलकत्त्याला गेली, मद्रासला गेली. मराठी माणूस त्यात उशिरा आणि मागच्या दाराने आला. स्वावलंबन कारकुनाला जमलं. भूमिहीनाला, महारवाड्यातल्या मजुराला ते कसं जमणार? त्याच्यासाठी शाळा हवी होती, बोर्डिंग हवं होतं, दवाखाना हवा होता. मग अमेरिकेचा पैसा आला, विशेषतः तिथल्या मेथॉडिस्ट बायकांचा. बोस्टनमध्ये १८६९ साली त्यांनी परदेशी कामासाठी आपली स्वतंत्र संस्था काढली होती. तिने पाठवलेल्या पहिल्या दोघी, इसाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन, जानेवारी १८७० मध्ये मुंबई बंदरातच उतरल्या होत्या. या पैशाने जे उभं राहिलं त्याचं ऋण मी मानते, कारण माझी पणजी त्याच पैशाने जगली.

ती कुठल्या गावची हे तिलाही नीट सांगता येत नसे. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यामागोमाग १८९९-१९०० चा. दुसऱ्या दुष्काळात तिच्या वडिलांनी तिला बैलगाडीने कुठेतरी आणून एका मडमेच्या स्वाधीन केलं आणि ते परत गेले. पुढे ती तळेगाव दाभाड्याला मुलींच्या बोर्डिंगमध्ये वाढली. आजी ही गोष्ट सांगताना एवढ्यावर थांबत नसे. मोठेपणी कुणीतरी पणजीला तोंडावर म्हणालं होतं, “तुम्ही पोटासाठी बाटलात.” त्यावर पणजीचं उत्तर आजीला तोंडपाठ होतं: “हो, भूक होती म्हणून गेले. ज्यांनी जेवायला घातलं, त्यांनी पाटीही हातात दिली. तुम्ही तेव्हा दार उघडलं असतंत तर तुमच्या घरी आले असते.” दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांना आजही खाली मान घालायला लावणारे लोक भेटतात, काही आपल्यातलेच. मला पणजीच्या उत्तरात लाज वाटण्यासारखं काहीच दिसत नाही.

पणजी पुढे बायबलबाई झाली. पुणतांबे, गोदावरीकाठचं गाव, चांगदेवाच्या समाधीसाठी प्रसिद्ध. तिथे मेथॉडिस्ट मिशनचं ठाणं होतं. बायबलबाईचं काम म्हणजे पाठीला पिशवी, पायांत असतील तर वहाणा, आणि दिवसाकाठी दोन-तीन गावं. गावात शिरल्यावर विहिरीवर बसायचं. आधी एखादं गीत, मग गोष्ट, मग कुणाच्या पोराचे डोळे आले असतील तर ते धुवायचे, कुणाला पत्र वाचून दाखवायचं, कुणाची सून वाचायला शिकायचं म्हणत असेल तर तिच्या सासूची समजूत घालायची. पुरुष प्रचारकाला जे उंबरे ओलांडता येत नव्हते ते या बायांनी ओलांडले. मंडळीचा पाया त्यांनी घातला असं मी म्हणते ते कौतुक म्हणून नाही. ज्या गावांत मंडळ्या टिकल्या त्यांतल्या कितीतरी गावांत पहिली आत गेलेली व्यक्ती बायबलबाई होती. अमेरिकेत छापल्या जाणाऱ्या वार्षिक अहवालांत मिशनरी बायांची नावं सविस्तर असत. बायबलबायांची बहुधा फक्त संख्या.

आजीचं लग्न पाळकाशी झालं आणि तिच्या आयुष्यात ‘नेमणुका’ हा शब्द शिरला. मेथॉडिस्ट पाळक एका जागी मुळं धरत नाही. वेस्लींचे प्रचारक घोड्यावरून गावोगाव फिरत, त्याची ही पुढची पायरी. वर्षातून एकदा वार्षिक परिषद भरे. चार-पाच दिवस अहवाल, चर्चा, प्रभुभोजन, आणि शेवटच्या सत्रात बिशपसाहेब उभे राहून नेमणुकांची यादी वाचत. कोण कुठे जाणार हे बहुतेकांना तेव्हाच कळे. आजी सांगे, यादी वाचताना सगळ्या पाळकीणबाया मांडीवरची पोरं घट्ट धरून बसत. आपलं नाव आलं की पुढचा शब्द गावाचा. कधी रेल्वेचं गाव, कधी जिथे नदीला पूल नाही असं. मुलांच्या शाळा मध्येच तुटत, लावलेली झाडं दुसऱ्याला मिळत. एका नेमणुकीवर ती रडली होती, कारण थोरल्या मुलाची मॅट्रिक तोंडावर आली होती. आजोबा गप्प बसून ट्रंक भरत राहिले. या पद्धतीने मंडळीला फिरती, ताजी माणसं दिली, जातीपातीच्या आणि गावच्या मिंधेपणातून पाळकाला सोडवलं, हे खरंच. तिची किंमत घरच्या बायकांनी मोजली, हेही तितकंच खरं, आणि वार्षिक परिषदेच्या वृत्तांतात ते कुठे येत नाही.

आजोबांना एका नावाचा फार अभिमान होता. १९३० मध्ये मेथॉडिस्ट मंडळीने आपला पहिला भारतीय बिशप निवडला, ते जशवंतराव चितंबर. काम बहुतेक उत्तरेत, लखनौच्या कॉलेजात, पण घराणं मूळ मराठी. “बिशप म्हणून खुर्चीत आपला माणूस बसला,” असं म्हणताना आजोबांचा आवाज बदले.

मिशन म्हटलं की बाहेरून आत आलेली माणसं, एवढंच चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. इथून बाहेर गेलेलं कुणी सांगत नाही. विल्यम ओल्डहॅम हे बंगळूरला १८५४ मध्ये जन्मलेले, सर्वेक्षण खात्यात नोकरीला. पुण्यात मेथॉडिस्टांच्या एका सभेत ते सहज गेले आणि त्यांचं आयुष्य फिरलं. नोकरी सोडून अमेरिकेत शिकून आले, आणि फेब्रुवारी १८८५ मध्ये त्यांना सिंगापूरला पाठवण्यात आलं. पुढच्या वर्षी, १ मार्च १८८६ रोजी, तिथल्या अमॉय स्ट्रीटवर एका दुकानाच्या जागेत तेरा मुलांना घेऊन त्यांनी अँग्लो-चायनीज स्कूल सुरू केलं. ते आज सिंगापूरच्या नामांकित शाळांपैकी एक आहे. सिंगापूरमधल्या मेथॉडिस्ट मंडळ्यांचा उगम शोधत गेलं की माणूस पुण्याच्या कॅम्पात येऊन पोचतो.

दुसरी वाट केडगावची, आणि ती तर पार चिलीपर्यंत जाते. मिनी अ‍ॅब्रम्स ही मेथॉडिस्ट मिशनरी १८८७ मध्ये मुंबईला आली. काही वर्षं तिने इथे मुलींच्या शाळेचं काम केलं, आणि १८९८ मध्ये मिशनची नोकरी बाजूला ठेवून ती पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात गेली. दुष्काळातून रमाबाईंनी उचलून आणलेल्या शेकडो मुली तिथे होत्या. जून १९०५ मध्ये मुक्तीत संजीवन आलं. मुली रात्र रात्र प्रार्थना करत, रडत, पापं कबूल करत. नंतर गट करून आसपासच्या गावांत गेल्या. अ‍ॅब्रम्सने जे पाहिलं त्यावर एक लहान पुस्तक लिहिलं आणि त्याची एक प्रत चिलीमधल्या वालपराइसो शहरात, तिथल्या मेथॉडिस्ट पाळकाच्या बायकोला पाठवली. दोघी शिकागोत एकाच प्रशिक्षण शाळेत शिकलेल्या. ते पुस्तक वाचून वालपराइसोची मंडळी प्रार्थनेला बसली. १९०९ मध्ये तिथे जे घडलं त्यातून चिलीतली मेथॉडिस्ट पेंटेकोस्टल मंडळी जन्मली. दौंडजवळच्या माळावर मराठीत प्रार्थना करणाऱ्या, आईबाप गमावलेल्या मुलींनी जगाच्या दुसऱ्या टोकाचं चर्च हलवलं. शब्बाथ शाळेत आम्हाला हे कुणी शिकवलं नाही. शिकवायला हवं होतं.

घरातली सर्वांत कडाक्याची भांडणं मी ऐकली ती १९७० साली. उत्तर भारतातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी एक व्हावं म्हणून १९२९ पासून बोलणी चालली होती. मेथॉडिस्ट त्यात सुरुवातीपासून होते. आणि ऐन वेळी, त्याच वर्षी, आमच्या मंडळीने मतदान करून माघार घेतली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात अँग्लिकन आले, बॅप्टिस्ट आले, ब्रिटिश मेथॉडिस्टही आले. अमेरिकन परंपरेतले आम्ही बाहेर राहिलो. आजोबा ऐक्याच्या बाजूचे. आत्याचं सासर अहमदनगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं, ते सगळे नव्या चर्चमध्ये गेले. एकाच घरातली माणसं, तीच ‘उपासना संगीत’ची वही, रेव्हरंड ना. वा. टिळकांची तीच भजनं, आणि आता दोन पाट्या. आजी माघारीच्या बाजूची होती. तिचं म्हणणं साधं होतं: आमची घराघरांतली बैठक, आमच्या नेमणुका, आमची शिस्त एकदा मोठ्या घरात मिसळली की शोधून सापडणार नाही. मला तेव्हा आजोबांचं पटलं आणि अजूनही पटतं. एवढ्या लहान समाजाने वेगळ्या चुली मांडणं मला परवडणारं वाटत नाही. पण आजी कशाला घाबरत होती हे मला आता कळतं. कारण ७ जानेवारी १९८१ रोजी मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून आमची मंडळी स्वायत्त झाली, कारभार पूर्ण आपल्या हाती आला, आणि त्यानंतरच्या वर्षांत मंडळीच्या बैठकांत घरांविषयी कमी आणि जमिनींविषयी जास्त बोललं जाऊ लागलं. मिशनने मागे ठेवलेल्या जागांचे भाव वाढत गेले, तशा कोर्टकचेऱ्याही वाढल्या. या खटल्यांवर घालवलेली वर्षं आम्ही कुणाच्या दारात बसून घालवायला हवी होती.

आमच्या भागात काही जणींनी शनिवारच्या घरबैठका पुन्हा चालू केल्या आहेत. तांदळाच्या मुठीऐवजी आता पाकिटं येतात, आणि त्यातून दोन मुलींच्या नर्सिंगची फी भरली जाते. याच बैठकांत बायबलबायांची नावं लिहून काढायचं काम निघालं. प्रत्येक घराने आपल्या आठवणीतली नावं, गावं आणि ठाऊक असेल ते सगळं आणायचं. काही कुटुंबांकडे नाव आहे, गाव नाही. काहींकडे फक्त ‘बाई’ म्हणून आठवण आहे, आणि ती कुठलं गीत म्हणायची ते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुणतांब्याला जाणार आहोत. तिथे नव्वदी गाठलेल्या एक बाई राहतात. त्यांच्या सासूबाई माझ्या पणजीबरोबर गावांना जात. त्यांना आता ऐकू फार कमी येतं, म्हणून प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून न्यायचं ठरलं आहे, आणि पहिला प्रश्न त्या सगळ्याजणींच्या नावांचा आहे.